उलटं कापड

१

मिस्त्री पूल हॉलमध्ये शिरला की आधी टेबलाच्या कापडावरून हात फिरवायचा आणि मग दिवे लावायचा. कापड कुठे सैल पडलंय, कुठे घासलंय, कुणी सरबत सांडून गुपचूप पुसलंय, हे त्याच्या बोटांना अंधारातच जास्त चांगलं कळायचं. टेबलं बसवायची, त्यांची पातळी काढायची, झिजलेली कापडं बदलायची, हा त्याचा धंदा. शहरात असे हॉल बरेच होते, पण जीव होता तो ह्याच हॉलवर, कारण इथे कंपास खेळायचा.

कंपास त्याचा दोस्त. खरं नाव दुसरंच होतं, पण ते त्याच्या आईखेरीज कुणी कधी घेतलं नाही. शाळेत कंपासपेटीतली एक वस्तू त्याला धड वापरता येत नव्हती, आणि टेबलावर मात्र कुठला बॉल कुठल्या कडेला लागून कुठे जाणार हे तो नुसतं बघून सांगायचा. म्हणून कुणीतरी थट्टेने ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. पोटासाठी तो काचेच्या दुकानात काचा कापायचा. तिथेच एकदा डाव्या अंगठ्याचं टोक गेलं. दुसरा कुणी हाय खाऊन बसला असता. हा उजव्या हाताचा खेळाडू, म्हणजे उजव्या हातात काठी आणि डावा पंजा कापडावर टेकवून त्याचा टेकू करायचा. अंगठा आखूड झाल्यामुळे टेकू उलट जास्त पक्का बसतो, असं तो लोकांना छाती फुगवून सांगत सुटला.

आणि दोघांचा एक रिवाज होता. मिस्त्रीने टेबल नव्याने बसवलं, की हॉल उघडण्याआधी कंपास यायचा. दाराकडच्या टोकाला उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि पांढरा बॉल अगदी हळू सोडून द्यायचा. पलीकडच्या भिंतीपाशी मिस्त्रीचं स्टूल असे. बॉल तिथवर जाऊन परत येईपर्यंत कंपास नुसता ऐकत राहायचा.

"खिडकीकडे केसभर उतार आहे," तो म्हणायचा.

मिस्त्री लेव्हलची बाटली पुढे करायचा. "हे बघ. बुडबुडा मधोमध आहे."

"तुझ्या बाटलीला काय कळतंय? तिला पाणी दिसतं. मला कापडाखालचा दगड ऐकू येतो."

मग मिस्त्री चरफडत पुन्हा टेबलाखाली शिरायचा, आणि उतार खिडकीकडेच निघायचा. पहिला बॉल कंपासचा, हे पुढे हॉलमध्ये सगळ्यांनाच माहीत झालं. त्याने बॉल सोडल्याशिवाय नव्या कापडाला कुणी हात लावत नसे.

२

कंपास गेला तो भर दुपारी, दुकानात. छातीत जरा भरून आलंय म्हणाला, बसला, आणि उठलाच नाही. मिस्त्री तेव्हा दुसऱ्याच एका हॉलमध्ये टेबलाचे पाय सारखे करत होता. धावत आला, सगळं केलं, चार माणसांना धीर दिला. त्याला स्वतःला रडू आलं नाही. बायको म्हणालीसुद्धा, एकदा रडून घ्या म्हणून. पण रडू काही ठरवून येत नाही.

ते आलं बऱ्याच दिवसांनी, हॉलचा मालक कापड बदला म्हणाला तेव्हा.

"खिडकीजवळचं टेबल घ्या," मालक म्हणाला. "दाराकडच्या टोकाला पार वाट लागलीय. जुनं कापड टाकून द्या."

वाट लावली होती ती कंपासनेच. तो नेहमी त्याच टेबलावर, त्याच टोकाला, त्याच जागी डावा पंजा टेकवून डाव फोडायचा. तिथे काठीच्या टोकाला लावतात त्या खडूच्या निळ्या भुकटीत कापडावर हात उमटला होता. चार बोटं आणि आखूड अंगठा. मिस्त्रीने टेबलाच्या कडा सोडवल्या, कापडाच्या पिना उपसल्या, कापड मोकळं केलं आणि घडी घालता घालता त्या हातापाशी थांबला. मग तो गुडघ्यावर बसून ओक्साबोक्शी रडला. हॉल रिकामा होता हे बरं झालं.

टाकून द्यायचं म्हणजे कुठे? कचऱ्याच्या डब्यात? त्याच्याने ते होईना.

"कापड अजून दमाचं आहे," त्याने मालकाला सांगितलं. "उलटून लावतो. वर्षभर सहज निघेल."

असं करतात. धंद्यातली जुनी काटकसर आहे ती. वरची बाजू झिजली की खालची वर घ्यायची. मालक खूश झाला. मिस्त्रीने कापड आडवं उलटलं, खिडकीकडची किनार गल्ल्याकडे आणि गल्ल्याकडची खिडकीकडे. कंपासचा हात खाली दगडाला लागला आणि वर कोरी बाजू आली. वरून लोक खेळतील, खाली तो राहील, कुणाला काही कळायचं कारण नाही. ह्या विचाराने मिस्त्रीला फार दिवसांनी बरं वाटलं.

ताण देऊन, पिना मारून, कडा बसवून झाल्यावर तो दाराकडच्या टोकाला उभा राहिला. आजूबाजूला कुणी नाही ना हे पाहून त्याने डोळे मिटले आणि पांढरा बॉल हळू सोडला.

दगडावरून जाणाऱ्या बॉलचा एक आवाज असतो. घरघर म्हणावी तर ती फार मोठी होईल. तो आवाज भिंतीपर्यंत गेला, कडेला लागला, परत येऊ लागला. दाराजवळ येता येता तो मधेच नाहीसा झाला, आणि पुन्हा सुरू झाला.

मिस्त्रीने डोळे उघडले. बॉल सरळ त्याच्याकडे येत होता. त्याने पुन्हा सोडला, उघड्या डोळ्यांनी. बॉल कुठे अडला नाही, उडाला नाही, वळला नाही. फक्त त्या एका जागेवरून जाताना त्याचा आवाज होत नव्हता. खाली दगड नसून काहीतरी मऊ असावं, तसं.

भुकटी जमली असेल, असं म्हणून त्याने हत्यारं आवरली.

३

पुढच्या आठवड्यात मालकाने कंपासच्या नावाने स्पर्धा ठेवायचं ठरवलं. रविवारी सकाळी. भिंतीवर त्याचा फोटो लावायचा, वहिनींना, म्हणजे कंपासच्या बायकोला, बोलवायचं, मिस्त्रीने दोन शब्द बोलायचे आणि मग खेळ.

"तुम्हीच बोलायचं," मालक म्हणाला. "तुमच्याइतकं त्याच्याबद्दल कोण बोलणार? तो शॉट सांगा. दोन कडा घेऊन काळा बॉल कोपऱ्यात घातला होता तो. अहाहा! मी इथे उभा होतो, आणि तो असा वाकला..."

मालक गल्ल्यामागून बाहेर आला आणि टेबलावर वाकला. उजवा पंजा त्याने कापडावर टेकवला आणि डाव्या हाताने काठी मागे ओढली.

मिस्त्रीला हसू आलं. "मालक, उलटे उभे आहात."

"उलटा कसा?"

"अहो, टेकू डाव्या हाताचा. काठी उजव्या हातात."

मालक वाकलेलाच राहिला आणि मान वळवून त्याच्याकडे पाहू लागला. "मिस्त्री, कंपास डावखुरा होता."

"चेष्टा पुरे."

"चेष्टा कसली? डावखुरा होता म्हणूनच समोरच्याची भंबेरी उडायची ना! विचारा कुणालाही."

कोपऱ्यात दोघं जण खेळत होते. मालकाने त्यांनाच विचारलं. एक म्हणाला, कंपासच्या डाव्या हाताला तोड नव्हती. दुसरा मिस्त्रीकडे जरा काळजीने बघत राहिला.

हॉलमधली मंडळी एकेक नग होती. कुणाच्या खडूला साबण लाव, कुणाची काठी लपव, असले उद्योग चालायचे. आपली फिरकी घेताहेत म्हणून मिस्त्रीने दुर्लक्ष केलं. पण मेलेल्या माणसावरून फिरकी? ती ह्यांच्यातल्या कुणी कधी घेतली नसती. सायकल चालवताना त्याला हे सुचलं, आणि त्याचा पाय पेडलवरच थांबला.

४

"कंपास कुठल्या हाताने खेळायचा गं?" जेवताना त्याने बायकोला विचारलं.

"खेळताना मी कुठे बघायला आले होते?"

"हां."

"पण डावखुरे होते ना कंपासभावजी. तुमच्या उजवीकडे बसायचे आणि जेवताना तुमची दोघांची कोपरं एकमेकांना लागायची. किती वेळा म्हणाले मी, जागा बदला म्हणून. तुम्ही दोघं कसले ऐकताय!"

मिस्त्रीच्या हातातला घास हातातच राहिला. कोपरं लागायची, हे खरं होतं का? लागायची असं वाटत होतं. नव्हती लागत असंही वाटत होतं. आठवायला जावं तर त्याला फक्त कंपासचं हसणं आठवे, हात आठवेना.

हात धुऊन त्याने कपाटावरचा फोटो खाली काढला. हॉलमध्ये काढलेला, दोघांचा. कंपास टेबलावर वाकलेला, आणि त्याच्या मागे स्टुलावर मिस्त्री, तोंड उघडं टाकून बघतोय. हा फोटो वर्षानुवर्षं त्यांच्या घरात होता आणि त्यावरून बायको त्याला चिडवायची, माशी जाईल म्हणून.

फोटोत कंपासचा उजवा पंजा कापडावर होता. काठी डाव्या हातात.

फोटो उलटा छापला असेल! मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला. असं होतं कधी कधी. त्याने चष्मा लावला. मागे भिंतीवर हॉलचं नाव होतं, ते नीट वाचता येत होतं. त्याच्या स्वतःच्या सदऱ्याचा खिसा डाव्या बाजूलाच होता. खिडकी खिडकीच्या जागी होती. फोटोतली एकूण एक वस्तू जिथल्या तिथे होती, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध एकटा कंपास उलटा होता.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. एखाद्याचं डोकं फिरतं तेव्हा त्याला आतून कसं वाटत असेल, हा विचार त्याला आयुष्यात पहिल्यांदाच आला. सगळे बरोबर आणि आपण एकटे चूक, हे वाईट होतंच. पण त्याहून वाईट हे होतं, की डोळे मिटून कंपासला वाकलेला आठवायचा प्रयत्न केला तर आता त्यालाही कधी हा हात दिसे, कधी तो. जे एवढंसं उरलं होतं, तेही हातातून निसटायला लागलं होतं.

५

वहिनींनी चहा ठेवला आणि कंपासची काठी कापडी पिशवीतून काढून त्याच्यापुढे ठेवली.

"ही रविवारी तिथे लावा, भावजी. घरात ठेवून मी काय करू?"

मिस्त्रीने काठी हातात घेतली. मुठीची बाजू हाताच्या घामाने काळपट झाली होती. हात कुठला, हे काठीला कुठे सांगता येतं?

"वहिनी, एक विचारू? ह्याचा अंगठा कुठला तुटला होता?"

"उजवा," त्या पटकन म्हणाल्या. मग थांबल्या. "का हो?"

"मला वाटत होतं डावा."

"डावा कसा असेल? डाव्या हातात काच कापायचं हत्यार. त्यांच्या बाकावर सगळं उलटं मांडलेलं असायचं. दुकानातले दुसरे कुणी तिथे बसले तर वैतागायचे. घरातली कात्रीसुद्धा त्यांची वेगळी होती. बघा." त्यांनी खणातून कात्री काढून दाखवली. मिस्त्रीने ती उजव्या हातात घेऊन टेबलावरच्या वर्तमानपत्राला लावून पाहिली. कात्रीने कागद चावला, कापला नाही. डावखुऱ्याची कात्री अशीच असते.

ह्या घरात तो शेकडो वेळा आला होता. ही कात्री त्याने कधी पाहिली नव्हती. की पाहिली होती?

"वहिनी, कंपास उजव्या हाताने खेळायचा," तो म्हणाला. बोलायचं नाही असं ठरवून आला होता, पण तोंडातून गेलं. "मी त्याच्यासमोर बसायचो. प्रत्येक नव्या टेबलावर. डावा पंजा टेकवायचा, आखूड अंगठा असा आत घ्यायचा..."

वहिनींचा चेहरा बदलला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"भावजी, सगळे म्हणतात, तुमच्याइतकं ह्यांना कुणी ओळखत नव्हतं. मीसुद्धा म्हणते. मला तर कधी कधी तुमचा हेवा वाटायचा. रविवारी तुम्ही बोला, मनापासून बोला. पण हे असलं काही बोलू नका. माणूस तर गेला माझा. निदान होता तसा राहू द्या."

मिस्त्रीने काठी पिशवीत घातली आणि उठला. होता तसा राहू द्या, हेच तर त्यालाही हवं होतं. फक्त ह्या बाईला हवा असलेला कंपास आणि त्याचा कंपास, ह्यांच्यातला एकच कुणीतरी खरा असणार होता. आणि त्याचा खरा नसेल, तर मग इतकी वर्षं तो कुणाशी गप्पा मारत होता?

जिन्यावरून उतरताना त्याला कापडाची आठवण झाली. कापडावर हात होता. फोटो बदलेल, कात्री येईल, माणसं म्हणतील ते म्हणतील. कापडावरचा हात त्याने स्वतः, ह्या डोळ्यांनी पाहिला होता, आणि स्वतः खाली दाबून ठेवला होता. ते कापड उलटं केल्यापासूनच हे सगळं सुरू झालं, हेही त्याला त्याच पायरीवर लक्षात आलं. कठड्याला धरून तो थोडा वेळ तिथेच उभा राहिला. असल्या गोष्टींवर त्याचा विश्वास नव्हता.

६

शनिवारी सकाळी तो हॉलवर गेला. मालकाने किल्ली दिली आणि उद्यासाठी टेबल चकाचक करायचंय ना, करा करा, म्हणून तो सामान आणायला बाहेर पडला.

बाहेर लख्ख ऊन होतं. खिडकीतून ते अर्ध्या टेबलावर पडलं होतं. रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. मिस्त्रीने कडा सोडवल्या. दाराकडच्या टोकाच्या पिना उपसल्या, बाजूच्या थोड्या उपसल्या, आणि कापडाचं टोक उचलून खाली पाहिलं.

हात होता. डावा. आखूड अंगठ्यासकट.

"आहेस," मिस्त्री मोठ्याने म्हणाला. त्याला हसू आलं, रडू आलं. वेड लागलं नव्हतं. त्याने बोट पुढे करून डागाला लावलं.

बोट निळं झालं. मिस्त्रीने ते उन्हात धरलं. इतक्या दिवसांच्या डागाची भुकटी बोटाला लागत नाही, ती कापडात मुरलेली असते. हा खडू ताजा होता. आत्ता कुणीतरी हात झटकून टेकवावा, इतका ताजा.

त्याने कापडाचं टोक सोडून दिलं. ते दगडावर सपाट पडलं, आणि पूर्ण सपाट पडलं नाही.

दगड आणि कापड ह्यांच्यामध्ये कागदाचा कपटा आला तरी बॉल उडतो, म्हणून मिस्त्री आयुष्यभर दगड पुसत आला होता. आता त्याच्यासमोर, उन्हात, कापड त्या जागी किंचित वर आलेलं होतं. वारा शिरला असेल, त्याने स्वतःला सांगितलं. बसेल खाली. पण उंचवटा बसला नाही. तो आकार घेत गेला. आधी चार उंचवटे, शेजारी शेजारी. मग आतल्या अंगाला पाचवा, आखूड. खेळाडू फटका मारण्याआधी टेकू नीट करतो, बोटं जरा पसरून घेतो, तशी ती बोटं कापडाखाली पसरली. आणि थांबली. बाहेरची स्कूटर सुरू झाली आणि निघून गेली.

पुढचं मिस्त्रीने कसं केलं ते त्याला नंतर नीट सांगता आलं नसतं. माझा दोस्त खाली राहिलाय, त्याला वर घ्यायचंय, एवढं एकच डोक्यात होतं. त्याने उरलेल्या पिना ओरबाडून काढल्या, दाराकडचं टोक दोन्ही हातांत धरलं आणि कापड ओढत भिंतीकडे धावला. कापड हवेत फुगलं, उलटलं आणि पडलं. खाली नुसता काळा दगड होता. त्यावर काही नव्हतं, भुकटीही नव्हती. त्याने कुठेही न बघता ताण दिला, पिना मारल्या, कडा आवळल्या. काम हातात इतकं मुरलं होतं की एक सुरकुती पडली नाही.

शेवटी बॉल घेतला, डोळे मिटले, सोडला. आवाज गेला तसा परत आला, न तुटता, सलग. इतकं चांगलं टेबल त्याने कधी बसवलं नव्हतं. कंपासलाही खोट काढता आली नसती.

७

रविवारी बायको म्हणाली, "आज सुट्टीच्या दिवशी कुठे निघालात?"

"कंपासचा कार्यक्रम आहे ना."

"कोण कंपास?" ती भाजी चिरताना म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता आत गेली. तिला विसरायची सवय होती. मिस्त्रीने घाईत तिकडे कानाडोळा केला. कपाटावरचा फोटो बघून जावं असं त्याच्या मनात आलं होतं, पण उशीर होत होता.

हॉल भरला होता. समोरच्या भिंतीवर फोटो लावून त्याला हार घातला होता. दारातूनच मिस्त्रीची नजर तिकडे गेली. कंपास वाकलेला. डावा पंजा कापडावर, आखूड अंगठा आत घेतलेला, काठी उजव्या हातात. जसा होता तसा, सगळाच्या सगळा. मिस्त्रीच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. शेजारी दोघं जण बोलत होते, काय उजवा हात होता, काय उजवा हात होता! त्यांना मिठी मारावीशी वाटली त्याला.

तो गर्दीतून फोटोच्या जवळ गेला. मागे भिंत होती, हॉलचं नाव होतं, खिडकी होती. भिंतीपाशी स्टूल होतं. स्टुलावर कुणी नव्हतं.

"मिस्त्री, तुम्ही आलात होय?" मालक घाईघाईत म्हणाला. "बरं झालं. कुठे काही सैल वाटलं तर बघा."

"मला बोलायचंय ना? दोन शब्द."

"तुम्हाला?" मालक गोंधळला. मग हसला. "अहो, बोलणारे पुष्कळ आहेत. तुम्ही बसा निवांत."

वहिनी पहिल्या रांगेत होत्या. मिस्त्री त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. "वहिनी," तो म्हणाला.

त्यांनी वर पाहिलं. परक्या माणसाकडे आदराने बघतात तसं पाहिलं. "तुम्ही टेबलाचं काम करता ना? हे सांगायचे. म्हणायचे, मिस्त्री कामाला फार चांगला आहे, पण कधी कुणाशी बोलत नाही. तिकडे स्टुलावर एकटाच बसलेला असतो." मग काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "तुमची ओळख होती का ह्यांच्याशी?"

"होती," तो म्हणाला. "चांगली ओळख होती."

"सगळ्यांशीच होती त्यांची," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसले.

तेवढ्यात मालकाने टाळ्या वाजवून सगळ्यांना गप्प केलं. कंपास नव्या कापडावर पहिला बॉल सोडायचा, एकटाच येऊन, डोळे मिटून, तेव्हा आज पहिला बॉल त्याच्या बायकोने सोडावा, असं तो म्हणाला. एकटाच येऊन. मिस्त्रीने ते ऐकलं. वहिनी दाराकडच्या टोकाला उभ्या राहिल्या. लोक बाजूला झाले, मिस्त्री मागे सरत सरत भिंतीपर्यंत गेला, आपल्या स्टुलापाशी. आणि तिथे त्याला कापडावरचा हात दिसला.

दाराकडे हवा होता तो. इथे, भिंतीकडच्या टोकाला, स्टुलासमोर होता.

मिस्त्रीच्या लक्षात आलं. पहिल्या वेळी त्याने कापड आडवं उलटलं होतं. काल घाबरून, टोक धरून, उभं उलटलं. सुलटी बाजू वर आली होती, पण दाराकडचं टोक भिंतीकडे आलं होतं. सगळं कापडच फिरलं होतं. शिकाऊ माणूस करणार नाही अशी चूक त्याने केली होती. पिना उपसायचा चिमटा त्याच्या खिशातच होता. अजून एकदा काढावं, नीट लावावं? आणि मग काय येईल? आज त्याला विसरलेत, उद्या कुणाला विसरतील? समोर वहिनी फोटोकडे बघत होत्या. त्यांचा माणूस त्यांना होता तसा मिळाला होता.

त्यांनी बॉल सोडला. सगळा हॉल श्वास धरून ऐकत होता. आवाज कालच्यासारखाच सलग येत होता, आणि मिस्त्रीच्या समोर येताच बंद पडला.

कुणाच्या लक्षात आलं नाही. बॉल कडेला लागून परत निघाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्री पुढे वाकला आणि दगडाचा गारवा बघावा तसा त्याने उजवा पंजा कापडावर टेकवला.

खालून दुसरा पंजा, टेकू करताना असतो तसा पालथाच, वर आला आणि त्याच्या पंजाला लागला. बोटाला बोट, अंगठ्याला अंगठा, नेमका. म्हणजे हात उजवा होता. त्याचा अंगठा आखूड होता.

हा डावखुरा कंपास त्याचा नव्हता. ह्याची कात्री त्याने तो असेपर्यंत कधी पाहिली नव्हती, ह्याचं कोपर त्याला कधी लागलं नव्हतं. पण घरातल्या कपाटावरच्या त्या फोटोत ह्याच्या मागे तो तोंड उघडं टाकून बसला होता. सगळ्या खोलीत मिस्त्रीला ओळखणारा तो एकटाच होता, आणि खालून त्याने दोनदा हलकेच दाबलं, ओळख पटल्यासारखं.

लोक टेबलाभोवती जमायला लागले. मालक म्हणाला, "मिस्त्री, हात काढा, खेळ सुरू करायचाय."

मिस्त्रीने हात काढला नाही.